मे आणि सातझोप्या

६ एप्रिल १९९३, मंगळवार

माझा भाऊ अँब्रोज आला. सत्तेचाळीस वर्षांनी.

एक्सेटरच्या स्टेशनवर मी त्याला ओळखलंच नाही. गर्दी पांगली, बाकावर एक म्हातारा उरला. मांडीवर टोपी, पायाशी एकच बॅग. मी त्याच्या समोरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "पोस्टवाली बाई, माझं काही पत्रबित्र आहे का?" तेव्हा कळलं. आवाज तेवढा तोच आहे.

गळ्यात पडून रडायचं असं मी ठरवलं होतं. प्रत्यक्षात मी त्याला म्हटलं, "थंडीचा कोट कुठाय तुझा?"

"आणला नाही."

"कॅनडातून येणारा माणूस कोट आणत नाही?"

"आता उन्हाळाच येणार की."

टॅक्सीत बसल्या बसल्या झोपला. आमची गल्ली लागली, दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध आणि त्यावरची कुंपणाची झुडपं सुरू झाली, तशी मी त्याला कोपरानं ढोसलं. डोळे उघडून एवढंच म्हणाला, "अरुंद झालीय." गल्ली आहे तेवढीच आहे. तिकडच्या गव्हाच्या शेतांनी त्याची नजर बिघडवली आहे.

९ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस झाले, हा माणूस झोपतोय. नऊला उठतो, चहा घेतो, खिडकीशी खुर्चीत बसतो आणि मान टाकतो. जेवणाला उठवावं लागतं. जेवतो तरी काय, चिमणी बरी. मी चौतीस वर्षं पहाटे पाचला उठून सायकलवरून लोकांची पत्रं वाटली. दिवसाउजेडी झोपलेला माणूस बघितला की माझे हात शिवशिवतात.

दुपारी गरम बन केले. यानं बनावर आधी जॅम लावला आणि मग साय! मी सुरी काढून घेतली.

"डेव्हनमध्ये जन्मलास ना रे? आधी साय, मग जॅम. ते उलटं काम शेजारच्या कॉर्नवॉलात करतात."

"पोटात जाऊन एकच होतं, थर्झा."

"मग तोंडात तरी कशाला घालतोस?"

खूप हसला. हसता हसता खोकला, आणि अर्धा बन तसाच ठेवून पुन्हा झोपला. साय वाया गेली.

११ एप्रिल, ईस्टर

चर्चला एकटीच गेले. बाहेर हेटी चगनं गाठलं. हेटी म्हणजे पलीकडच्या मळ्यातली, माझ्याच वर्गातली. हिला सगळं माहीत असायला लागतं.

"किती दिवस राहणार भाऊ?"

"सुगीपर्यंत तरी."

"परतीचं तिकीट बघितलंस?"

घरी येऊन त्याला विचारलं. म्हणाला, "पोस्टानं येईल." मी त्याला सांगितलं, माझ्यासमोर पोस्टाची थट्टा नको. पण हसू आलं मला.

बरं वाटतंय घरात कुणीतरी असल्यानं. लिहून ठेवते, त्याला सांगणार नाही.

१४ एप्रिल, बुधवार

आज एक भारी गोष्ट सापडली. बागेच्या टोकाला, कुंपणाला लागून, पक्ष्यांसाठी लाकडी घरटं टांगलंय. दरवर्षी साफ करते, यंदा राहून गेलं होतं. झाकण उचललं तर आत सालींचा विणलेला गोळा. बोटानं थोडं बाजूला केलं, आणि आत सातझोप्या! एवढासा, अक्रोडाएवढा, सोनेरी. शेपटी तोंडावरून घेऊन गाढ झोपलेला. आणि घोरत होता! बारीक शिटीसारखा आवाज.

पुस्तकात त्याला दुसरं नाव आहे, आणि तो उंदराच्या कुळातला असंही लिहिलंय. आमच्याकडे तो सातझोप्या. वर्षातले सात महिने झोपतो म्हणून. लहानपणी कुंपणाच्या बुडाशी किती सापडायचे. मला वाटलं होतं, संपले सगळे.

धावत जाऊन अँब्रोजला उठवलं. हाताला धरून आणला. म्हटलं, तुझा भाऊबंद बघ. तो दोन पावलांवर थांबला. पांढराफटक पडला.

"झाकण लाव."

"अरे बघ तरी, काय गोड..."

"लाव म्हणतो ना! उठवू नकोस त्याला!"

एवढ्या मोठ्यानं तो या घरात कधी बोलला नव्हता. मी झाकण लावलं. मग परत आलो. मला राग आला होता. कुणी त्याला उठवत नव्हतं, नुसतं दाखवत होते.

१५ एप्रिल, गुरुवार

काल रागात होते म्हणून पुढचं लिहिलं नाही. त्या घरट्यानं सगळं जुनं वर काढलं.

आईचा एक खेळ होता. दूध काढून आम्ही तिघं गल्लीतून घरी यायचो, तेव्हा ती विचारायची, "काय रे व्हायचं तुम्हाला, मे की सातझोप्या?" मे म्हणजे कुंपणाचं काटेरी झुडूप. मे महिन्यात पांढरं होऊन जातं म्हणून आम्ही त्याला महिन्याचंच नाव ठेवलंय. अँब्रोज नेहमी म्हणायचा सातझोप्या. खा, जाड हो, झोप. कुणी गाई पिळायला हाक मारणार नाही. मी म्हणायचे मे. मला त्या वेळी पांढरा झगा हवा होता, त्यापायी.

मग आई दोघांचं माप काढायची. म्हणायची, "मे जागचा हलत नाही, आणि सातझोप्या एका जागी टिकत नाही. त्याला दर हिवाळ्यात कोयत्यानं छाटतात आणि तरी तो फुलतो. याला कुणी हात लावत नाही आणि तरी हा घाबरतो. त्याला काटे, याला मिशा." आम्ही हसायचो. शेवटी ती सांगायची, "पण झोपेतून उठल्यावर सातझोप्याला पहिली भूक लागते ना, तेव्हा तो मेचीच फुलं खातो. वर्षातले तेवढे पंधरा दिवस दोघांची भेट."

आता बघा. मी इथेच राहिले, या गल्लीत. छाटून घेतलं आणि काटेही आले, हेटीला विचारा. आणि तो गेला आटलांटिकपार. नाताळला एक कार्ड, त्यात दोन ओळी. बाबांच्या मातीलाही आला नाही.

आई गेली ती मे महिन्यातच. १९३६. मी सात वर्षांची, अँब्रोज तेरा. ते लिहिणार नाही. आज नको.

२२ एप्रिल, गुरुवार

अँब्रोजच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडून दिलं. आल्यापासून तिसरं. माझं जेवण त्याला मानवत नाही की काय! कोंबडीचं सूप करते, दुधाचं विरजलेलं गोड करते, दोन चमचे घेतो आणि "झक्कास" म्हणतो.

एक मात्र खरं, सातझोप्याही झोपेतून उठतो तेव्हा असाच वाळलेला असतो. मग सप्टेंबरापर्यंत गोलमटोल होतो. यालाही करीन. हेझलनट झाले की बघाच.

२९ एप्रिल, गुरुवार

डॉक्टर सँडर्स आले. मी बोलावलं नव्हतं, अँब्रोजनंच फोन केलेला. त्याच्याजवळ कॅनडाहून आणलेलं एक जाड पाकीट होतं, ते त्यांना वाचायला दिलं. दार लावून अर्धा तास बोलले. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी माझा हात धरला.

"मिस लस्कम, तुमची झोप होते ना नीट?"

"माझ्या झोपेचं काय मधेच? झोपतो तो."

"काही लागलं तर केव्हाही सांगा."

आता दर सोमवारी नर्स येणार आहे. तपकिरी बाटलीतलं औषध दिलंय. पोटाचं आहे, अँब्रोज म्हणाला. तिकडचं खाणं, दुसरं काय! हेटीला तसंच सांगितलं. ती काहीच बोलली नाही. हेटी बोलली नाही हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

३ मे, सोमवार

ऊन पडलं. अँब्रोजला बागेत खुर्ची टाकून दिली. कुंपणाचा मे कळ्यांनी टिपूस टिपूस भरलाय. दोन तास बसलो. त्यानं कोणकोण कुठे राहायचं ते सगळं आठवलं. पाद्रीबुवांचं गाढव. बाबांनी विहिरीत टाकलेली आणि पुन्हा काढलेली सफरचंदाच्या दारूची, सायडरची पिंपं. बांधावरून घसरत जाऊन आम्ही फाडलेल्या चड्ड्या. मी विसरलेलं त्याला आठवत होतं, आणि त्याचं मला. दोघांचं मिळून एक बालपण जेमतेम पुरं झालं.

मग म्हणाला, "आईच्या त्या शेवटच्या महिन्याचं तुला किती आठवतं?"

मी म्हटलं, चहा गार होतोय.

१० मे, सोमवार

मे फुलायला लागला. पहिल्यांदा कोपऱ्यावरचा, मग ओढ्याकडचा, आज सगळी गल्ली पांढरी.

आणि आज त्यानं काय मागितलं? खुर्चीत बसल्या बसल्या सहज म्हणाला, "थर्झा, एक मोठी फांदी आणून माझ्या खोलीत ठेव ना."

माझ्या हातातली बशी पडली. मे घरात आणायचा नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मे घरात आला की घरातलं माणूस जातं. बाहेर कितीही बघा, दारावर बांधा, टोपीत खोचा. उंबऱ्याच्या आत नाही.

"डोकं फिरलंय तुझं?"

"वास हवाय गं."

"खिडकी उघडते."

मी खिडकी उघडली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. स्वच्छ होती तीच पुन्हा घासली.

११ मे, मंगळवार

लिहूनच टाकते. या वहीला सांगायला काय, त्या गोष्टीला सत्तावन्न वर्षं झाली.

१९३६ च्या मेमध्ये आई आजारी होती. छातीचं दुखणं. मी खूप मोठी फांदी आणली, हात ओरबाडून घेतले, दुधाच्या जगमध्ये घालून आईच्या उशाशी ठेवली. आई हसली होती, ते आठवतं. नऊ दिवसांनी आई गेली. बाबांची बहीण, सेलिना आत्या, घर आवरायला आली होती. तिनं तो जग बघितला आणि मला एक ठेवून दिली. म्हणाली, "आईला खाल्लंस तू."

बाबा काही बोलले नाहीत. अँब्रोज महिनाभर माझ्याशी बोलला नाही, माझ्याकडे बघेना. मोठा झाला आणि निघून गेला. मी समजून घेतलं. ज्या बहिणीनं आईला घालवलं तिच्या तोंडाकडे रोज कोण बघेल? मीही त्याला कधी विचारलं नाही. लग्नाचंही माझ्या कधी मनात आलं नाही. दुसऱ्याच्या घरात आपले हात न्यायचे म्हणजे...

आणि आता तोच मला म्हणतो, फांदी आण. मुद्दाम? मला वाटत नाही. पण मग काय?

१३ मे, गुरुवार

मी फसवलं त्याला. सफरचंदाच्या मोहराची फांदी आणली आणि जगमध्ये घालून त्याच्या उशाशी ठेवली. पांढरं ते पांढरं. डोळे न उघडताच म्हणाला, "हे सफरचंद आहे. मी झोपाळू आहे, नाक शाबूत आहे."

"हेच मिळेल."

"पोस्टवाली कधीपासून भलत्याचं टपाल भलत्याला द्यायला लागली?"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "अँब्रोज, मी एकदा आणलाय मे घरात. पुन्हा नाही आणणार. तुला माहीत आहे आणि तरी मागतोस. एवढा दुष्ट कधी झालास?"

मग त्यानं उठून बसायचा प्रयत्न केला, जमेना, मी उशी लावली.

"तू आणलास म्हणून आई गेली, असं तुला वाटतं?"

"सगळ्यांना वाटतं. तुलाही. म्हणून तर बोलला नाहीस माझ्याशी."

"अगं पोरी," तो म्हणाला. सात वर्षांची होते तेव्हा तो मला असं म्हणायचा. "अगं पोरी, मी सातझोप्या आणला होता."

त्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. आईनं आधी त्याच्याकडे मे मागितला होता. तो तेरा वर्षांचा, त्याला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, नाही आणणार. मग तिला वाईट वाटू नये म्हणून कुंपणाच्या बुडातून झोपलेला सातझोप्या आणून तिच्या ओंजळीत ठेवला. आईचे हात तापानं फणफणलेले. त्या उबेनं तो जागा झाला आणि पडद्यावर सरसर चढला. आई एवढी हसली की खोकल्यानं बेजार झाली, आणि त्यानंतर तिचा ताप उतरलाच नाही. आमची आजी सांगायची, सातझोप्याला वेळेआधी उठवू नये, त्याची उरलेली झोप घरातल्या कुणाला तरी लागते. अँब्रोजला वाटलं, आईला तीच लागली. महिनाभर तो माझ्याकडे बघत नव्हता, कारण मी विचारीन अशी त्याला धास्ती होती, आईच्या खोलीत तू काय नेलं होतंस म्हणून.

"कॅनडात काय होतं?" मी विचारलं.

"तिथे सातझोपे नाहीत," तो म्हणाला.

सत्तावन्न वर्षं. एक इकडे, एक तिकडे. मी म्हणते मेनं घालवलं, हा म्हणतो सातझोप्यानं. दोघांनी एकदा तरी समोरासमोर बसून ताळा करायला हवा होता. मी त्याला तसं म्हटलं आणि मग माझा बांध फुटला. त्याचाही. साठीसत्तरीची दोन माणसं रडली आणि मग आधी साय मग जॅम लावून बन खाल्ले. त्यानं निम्मा खाल्ला.

१५ मे, शनिवार

दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात आहे. आईला माहीत नव्हतं का, मे घरात आणत नाहीत ते? ती इथलीच. तिनंच आम्हाला शिकवलं होतं. आम्ही टोपीत खोचून आलो तर उंबऱ्यावर टोप्या काढायला लावायची. तीच आई अँब्रोजकडे मे मागते. तो नाही म्हणतो. मग ती माझ्याकडे मागते, सात वर्षांच्या पोरीकडे, कारण मी नाही म्हणणार नाही. हे तर मी विसरूनच गेले होते. फांदी माझ्या मनानं आणली नव्हती. "थर्झा, मला मे आण," असं ती म्हणाली होती. पडद्याकडे बघत.

तिला कळलेलं होतं. मे आणून तिचं आणखी काय होणार होतं? ज्याचं भय घालायचं तेच दाराशी आलेलं. मग निदान वास तरी घ्यावा.

म्हणजे मे कोण मागतो ते मला कळलं. आणि अँब्रोजनं तो मागितला आहे.

पट्ट्याची भोकं मीच पाडली. कोट आणला नाही. डॉक्टरांनी माझा हात धरला. मला दिसत नव्हतं असं नाही. लिहायचं नव्हतं.

१६ मे, रविवार

चर्चला गेले नाही. सकाळी डॉक्टर सँडर्सना घरी फोन केला. त्यांना वाटलं तातडीचं काही आहे. म्हटलं, नाही, एकच विचारायचंय, आणि सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं.

मग कोयता घेऊन बागेत गेले. कुंपणात सगळ्यात जास्त फुललेली फांदी लाकडी घरट्याच्या वरच होती. कापायच्या आधी झाकण किलकिलं करून पाहिलं. गोळा रिकामा. सातझोप्या उठून गेला होता. आपल्या वेळेला, कुणीही न उठवता. आणि वरच्या फांदीवरच्या एका झुबक्याची फुलं कुरतडलेली होती, पाकळ्या खाली पडलेल्या. ती फांदी मी ठेवली. तिच्या शेजारची कापली.

हात ओरबाडले, अगदी तेव्हासारखेच.

मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं आणला. फाटकाशी हेटी होती, चर्चहून परतताना विचारपूस करायला थांबलेली. माझ्या हातातला मे बघून तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. आणि पुढे होऊन माझ्यासाठी दार उघडून धरलं.

दुधाचा जग तोच आहे, आईचा. सेलिना आत्यानं फोडला नव्हता, मी लपवला होता. अँब्रोजच्या उशाशी ठेवला. झोपेत त्याच्या श्वासाची शिटी वाजत होती. बऱ्याच वेळानं डोळे उघडले.

"आला मे?" म्हणाला.

"आला."

"कुठल्या दारानं?"

"पुढच्या."

"सेलिना आत्यानं बघितलं असतं तर?"

"तिच्या हातात एक फांदी दिली असती."

हसला. खोकला आला नाही. मग त्यानं माझा ओरबाडलेला हात उलटासुलटा करून पाहिला, जखमा मोजल्यासारखा, आणि हातात धरूनच पुन्हा झोपला. मी तशीच बसून राहिले. हे डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षर वाकडं येतंय.

मेचा वास पहिल्या दिवशी गोड असतो, तिसऱ्या दिवशी खराब होतो. परवा ही काढून दुसरी आणीन. कुंपण भरलेलं आहे. फुलं अजून दहाबारा दिवस राहतील. डॉक्टर म्हणाले त्यावरून, पुरतील.